नीलवंत फुलपाखरू आणि आपली लिंबूवर्गीय बाग

पावसाळा सुरू झाला आणि लिंबू, मोसंबी, संत्र्याला नवी पालवी आली, की शेतकरी बंधू कागदाच्या पुडीत किंवा काड्याच्या पेटीत अळ्या घालून आमच्याकडे घेऊन येतात. "साहेब, ही पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी कसली? पाने कुरतडून फक्त शिरा ठेवते. कोणते औषध मारू?" असा त्यांचा प्रश्न असतो. बहुतेक वेळा ती अळी लिंबावरील फुलपाखराची असते. त्यावरील उपाय ठरलेले आहेत आणि ते पुढे दिलेही आहेत. परंतु कधी कधी, विशेषतः कोकण, घाटमाथा आणि जंगलाला लागून असलेल्या गावांतून, आकाराने बरीच मोठी, हिरवीगार आणि जाड मानेची अळी येते. ती लिंबावरील फुलपाखराची नसते. ती असते त्याच्याच भाऊबंदकीतील एका मोठ्या, देखण्या फुलपाखराची. त्याचे नाव नीलवंत. काही जण त्याला राणी पाकोळी असेही म्हणतात. इंग्रजीत ते ब्लू मॉर्मन या नावाने ओळखले जाते.

हे नाव ऐकून पुष्कळ बागायतदारांना आश्चर्य वाटते. कारण जून २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने याच फुलपाखराला राज्य फुलपाखराचा मान दिला. राज्य फुलपाखरू ठरविणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य होय. शेकरू हा राज्य प्राणी, हरियाल हा राज्य पक्षी, आंबा हा राज्य वृक्ष आणि ताम्हण हे राज्य फूल. त्यांच्या पंक्तीत आता नीलवंत बसला आहे. तेव्हा एकीकडे राज्याचा मान आणि दुसरीकडे आपल्या रोपाची खाल्लेली पाने, या दोहोंची सांगड कशी घालावी, हा प्रश्न शेतकऱ्यासमोर उभा राहतो. त्याचे उत्तर हवे असेल तर या फुलपाखराची रानातील राहणी आधी समजून घेतली पाहिजे.

नीलवंत ओळखावा कसा?

नीलवंताचे शास्त्रीय नाव पॅपिलिओ पॉलिम्नेस्टर असे आहे. पीटर क्रॅमर या डच अभ्यासकाने १७७५ मध्ये त्याचे वर्णन केले. पंख पसरले असता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्याची रुंदी १२ ते १५ सें. मी. भरते. म्हणजे मोठ्या माणसाच्या पसरलेल्या तळहाताएवढे हे फुलपाखरू असते. आपल्या देशातील मोठ्या फुलपाखरांमध्ये त्याची गणना होते. सह्याद्रीच्या दक्षिण भागात आढळणारे काळे-पिवळे सदर्न बर्डविंग मात्र त्याहूनही मोठे असते.

त्याचे पंख मखमली काळ्या रंगाचे असतात. पुढच्या पंखांवर बाहेरच्या बाजूस फिकट निळ्या रेघांचा पट्टा असतो. मागच्या पंखांचा बाहेरील बराचसा भाग आकाशी निळा असून त्यावर काळे टपोरे ठिपके असतात. पंख मिटून बसल्यावर खालच्या बाजूस, बुडाशी, गडद लाल डाग दिसतात. मागच्या पंखांना शेपटी नसते. नर व मादी दिसायला जवळजवळ सारखी असतात. मादीचा निळा रंग थोडा फिका व पिवळसर झाक असलेला असतो.

त्याच्या उड्डाणावरूनही त्याला ओळखता येते. ते सरळ रेषेत उडत नाही. वर-खाली, डावी-उजवीकडे हेलकावे घेत, पण वेगाने जाते. त्यामुळे पक्ष्यांना त्याचा नेम धरणे अवघड जाते. फुलातील मध पितानाही ते पंख पूर्ण स्थिर ठेवत नाही, फडफडवीत राहते. एवढ्या मोठ्या शरीराचा भार नाजूक फुलावर पडू नये म्हणून ही सोय असावी.

कोठे आढळतो?

नीलवंताचे घर मुख्यतः भारत व श्रीलंका एवढेच आहे. आपल्याकडे सह्याद्री, कोकण, गोवा, दक्षिण भारत आणि पूर्व किनारपट्टीचा भाग या ठिकाणी तो राहतो. विदर्भातील काही भागांतही तो दिसल्याच्या नोंदी आहेत. भरपूर पावसाची सदाहरित व निमसदाहरित राने त्याला मानवतात. आंबोली, महाबळेश्वर, माथेरान या ठिकाणी पावसाळ्यानंतर तो हमखास दृष्टीस पडतो. तसा तो वर्षभर दिसू शकतो, पण पावसाळ्यात व पावसाळा संपताना, म्हणजे साधारण गणपतीपासून दिवाळीपर्यंत, त्याची संख्या अधिक असते.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. हे रानातले फुलपाखरू मुंबई, पुण्यासारख्या शहरांतील बागांतही दिसते. याचे कारण लोकांनी परसात लावलेली लिंबाची व पपनसाची झाडे. अळ्यांना खायला पाने मिळाली की मादी तेथे येते. म्हणजे माणसाने झाड लावले आणि फुलपाखरू त्यामागून आले. आपल्या बागेतही तो येतो तो याच कारणाने.

याउलट लिंबावरील फुलपाखरू पाहा. ते उघड्या माळरानावर, उन्हात, शेतात रमते. अरबस्तानापासून ऑस्ट्रेलियापर्यंत ते पसरले आहे. २००४ मध्ये ते वेस्ट इंडीज बेटांतील डोमिनिकन प्रजासत्ताकात पोहोचल्याचे आढळले आणि तेथील लिंबूवर्गीय बागायतदारांना नवी काळजी लागली. एक फुलपाखरू जगभर हातपाय पसरते आहे, तर दुसरे आपल्या रानापुरतेच आहे. दोघांनाही एकच माप लावणे योग्य नाही, ते यासाठी.

जीवनक्रम

इतर फुलपाखरांप्रमाणेच नीलवंताच्या आयुष्यातही अंडी, अळी, कोष व प्रौढ या चार अवस्था असतात. हवामानानुसार अंड्यापासून फुलपाखरू होईपर्यंत साधारण सव्वा ते दीड महिना लागतो.

अंडी : मादी लिंबू कुळातील झाडांच्या पानांवर एकेक अंडे घालते. अंडे गोल, गुळगुळीत, आधी हिरवट व नंतर पिवळसर-नारिंगी होते. ती एका ठिकाणी पुंजका करून अंडी घालीत नाही. एका पानावर एक अंडे ठेवून पुढे निघून जाते. त्यामुळे पिलांना अन्न कमी पडत नाही आणि शत्रूला सगळी अंडी एकदम सापडत नाहीत.

मादीला योग्य झाड कसे कळते, हे समजून घेण्यासारखे आहे. ती पानावर उतरून पुढच्या पायांनी पानावर टकटक करते. फुलपाखरांच्या पायांना चव कळते. पानातील द्रव्यांची चव पायाला लागली की हे झाड लिंबाच्या कुळातले आहे की नाही, ते तिला समजते. चव पटली नाही तर ती अंडे न घालता उडून जाते. म्हणूनच शेजारच्या आंब्यावर, पेरूवर किंवा भाजीपाल्यावर नीलवंताची अळी कधीही सापडणार नाही.

रानात तिची आवडती झाडे म्हणजे माकडलिंबू व किरमिरा. ही दोन्ही झाडे लिंबाच्याच कुळातील असून झाडीत, ओढ्याकाठी, देवराईत व डोंगरउतारावर वाढतात. माकडलिंबाची छोटी, लिंबासारखी फळे पुष्कळांनी लहानपणी तोडलेली असतील. बागेतील झाडांपैकी पपनस, लिंबू व इतर लिंबूवर्गीय झाडे तिला चालतात.

अळी : अंड्यातून बाहेर पडताच अळी प्रथम अंड्याचे कवच खाते, नंतर पानाकडे वळते. पहिल्या काही अवस्थांत ती तपकिरी-काळपट असून अंगावर पांढरा डाग असतो. पानावर पडलेली पक्ष्याची विष्ठा असावी असेच वाटते. पक्षी आपली विष्ठा खात नाहीत, त्यामुळे अळीचा बचाव होतो. चार वेळा कात टाकल्यावर पाचव्या अवस्थेत तिचे रूप एकदम बदलते. ती हिरवी होते, अंगावर तिरके पांढरट पट्टे येतात, मानेकडचा भाग फुगीर होतो आणि त्यावर डोळ्यांसारखे ठिपके दिसू लागतात. हे खरे डोळे नव्हेत. खरे डोके त्याखाली, लहानसे, दडलेले असते. हिरव्या सापाचे तोंड असल्याचा भास होऊन लहान पक्षी बिचकतात.

अळीला डिवचले तर डोक्यामागून गलोलीच्या बेचक्यासारखी दुभागलेली, मऊ, मांसल शिंगे झटकन बाहेर येतात आणि उग्र वास सुटतो. या वासाने मुंग्या, कोळी व लहान कीटक मागे हटतात. काही शेतकऱ्यांना ही अळी विषारी वाटते. तसे काही नाही. ती चावत नाही, तिला विषारी केस नाहीत आणि हातात घेतल्यास कोणताही अपाय होत नाही. वास मात्र बोटांना थोडा वेळ राहतो.

कोष : पूर्ण वाढलेली अळी खाणे थांबवते आणि जागा शोधत फिरते. डहाळीवर शेपटाकडचे टोक रेशमाने चिकटवून ती कमरेभोवती रेशमाचा एक दोरा बांधून घेते. वायरमन खांबावर कमरेचा पट्टा अडकवून मागे रेलतो, तसा हा कोष दिसतो. हिरव्या पानांत कोष हिरवा, तर सुक्या काडीवर तो तपकिरी होतो. त्यामुळे तो सहसा नजरेस पडत नाही. साधारण दोन आठवड्यांत कोष फाटून फुलपाखरू बाहेर येते. थोडा वेळ लोंबकळत राहून पंख ताठ होऊ देते आणि उडून जाते.

प्रौढ : फुलपाखराचे आयुष्य काही आठवड्यांचे असते. ते पाने खात नाही. सोंडेने फुलांतील मध पिते. एक्झोरा, जास्वंद, घाणेरी, जाई-जुईच्या जातीची फुले अशा ठिकाणी ते सकाळी व दुपारी येते. नर फुलपाखरे ओढ्याच्या ओल्या वाळूवर किंवा रस्त्यावरच्या ओल्या मातीवर बसून पाणी शोषताना दिसतात. ती तहानेसाठी बसत नाहीत. पानाफुलांत मिठाचा अंश फार कमी असतो. ओल्या मातीतून नर क्षार मिळवतो आणि मीलनाच्या वेळी त्यातील काही भाग मादीला देतो. आपण जनावरांना खडेमीठ चाटायला ठेवतो, त्यातलाच हा प्रकार.

आणखी दोन भाऊबंद

आपल्या लिंबूवर्गीय बागेत नीलवंताचे दोन नातेवाईक जास्त प्रमाणात येतात. त्यांची ओळख ठेवणे फायद्याचे आहे.

पहिले लिंबावरील फुलपाखरू. याची पंखरुंदी ८ ते १० सें. मी. असते. काळ्या पंखांवर पिवळसर-पांढरे पुष्कळ ठिपके असतात, शेपटी नसते आणि मागच्या पंखांच्या आतील कोपऱ्यात विटकरी लाल डाग असतो. कागदी लिंबू, संत्रा, मोसंबी यांबरोबरच बेल, कढीपत्ता व शेतातील बावची हे तण यांवरही त्याच्या अळ्या वाढतात. अंडी तीन-चार दिवसांत उबतात, अळी अवस्था दोन ते चार आठवड्यांची आणि कोषावस्था एक ते दोन आठवड्यांची असते. थंडीत ती लांबते. वर्षात चार-पाच पिढ्या होतात. खरे नुकसान करते ते हेच.

दुसरे कॉमन मॉर्मन. ते काळे असून मागच्या पंखांना शेपटी असते आणि नराच्या मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची रांग असते. याच्या माद्या मात्र एकसारख्या नसतात. काही नरासारख्या दिसतात, तर काही वेगळ्याच जातीच्या, लाल अंगाच्या रोझ फुलपाखरांची हुबेहूब नक्कल करतात. ती रोझ फुलपाखरे सापसंदासारख्या विषारी वेलींवर वाढतात, म्हणून पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. त्यांच्यासारखे रूप घेतल्याने मॉर्मन मादीही वाचते. एका नराच्या अनेक प्रकारच्या 'बायका' पाहून इंग्रज अभ्यासकांनी अमेरिकेतील बहुपत्नीक मॉर्मन पंथावरून हे नाव दिले आणि तेच पुढे नीलवंतालाही, जवळचा नातलग म्हणून, चिकटले. कॉमन मॉर्मनच्या अळ्या कढीपत्त्यावर व लिंबूवर्गीय झाडांवर आढळतात.

अळ्यांतील फरक : लहानपणी तिन्ही फुलपाखरांच्या अळ्या विष्ठेसारख्याच दिसतात. त्या वयात अनुभवी माणसालाही फरक सांगणे कठीण जाते. पूर्ण वाढल्यावर मात्र आकाराने अंदाज येतो. लिंबावरील फुलपाखराची अळी साधारण ३५ ते ४० मि. मी. लांब होते. नीलवंताची अळी ५ सें. मी.च्या आसपास किंवा त्याहून मोठी आणि चांगली जाडजूड असते. जागेचाही विचार करावा. उघड्या माळावरील बागेत, जवळपास रान नसताना सापडलेल्या अळ्या बहुधा लिंबावरील फुलपाखराच्याच असतात. झाडीला लागून, सावलीतल्या पपनसावर किंवा लिंबावर एखाद-दुसरी मोठी अळी दिसली, तर ती नीलवंताची असण्याची शक्यता जास्त.

नुकसान किती?

अळी पानाच्या कडेपासून खायला सुरुवात करते आणि मधल्या शिरेपर्यंत जाते. रोपवाटिकेतील रोपे व लागवडीनंतरची पहिली एक-दोन वर्षे हा धोक्याचा काळ आहे. वीतभर उंचीच्या जंबेरी किंवा रंगपूर लाईमच्या रोपाला पाने असतात ती किती? दोन मोठ्या अळ्या आठवड्याभरात त्याचा नुसता शेंडा ठेवतात. असे रोप मागे पडते आणि कलम भरण्यायोग्य व्हायला उशीर होतो. रोपवाटिका करणाऱ्याच्या दृष्टीने हे प्रत्यक्ष पैशाचे नुकसान आहे. राज्य फुलपाखरू आहे म्हणून ते सोसा, असे कोणीही सांगणार नाही.

परंतु पाच-सहा वर्षांच्या, फळावर आलेल्या झाडाची गोष्ट वेगळी आहे. अशा झाडावर हजारो पाने असतात. त्यावरील दहा-पाच अळ्यांनी उत्पादनात फरक पडत नाही. तरीही एखादी अळी दिसताच अनेक बागायतदार संपूर्ण बागेवर कडक कीटकनाशक फवारतात. त्यात अळी मरते हे खरे, पण तिच्याबरोबर ढालकिडे, क्रायसोपा, कोळी व परोपजीवी माश्याही मरतात. मग ज्या सायला, मावा व नागअळीला हे मित्रकीटक आटोक्यात ठेवत होते, त्यांना रान मोकळे होते. चार रुपयांच्या अळीसाठी केलेली फवारणी पुढे आणखी दोन फवारण्यांचा खर्च अंगावर आणते.

निसर्गाचे नियंत्रण

एका मादीने घातलेल्या अंड्यांपैकी फुलपाखरू होईपर्यंत फारच थोडी टिकतात. ट्रायकोग्रामा ही बारीकशी माशी अंड्यातच आपले अंडे घालते. मग त्या अंड्यातून अळीऐवजी माशीच बाहेर पडते. अपँटेलिस नावाची माशी अळीच्या शरीरात अंडी घालते. तिची पिले आतून अळीला पोखरतात व बाहेर येऊन तिच्याजवळ बारीक कोष विणतात. काही परोपजीवी थेट कोषावर हल्ला करतात. कोषाला एखादे बारीक भोक पडलेले दिसले, तर समजावे की त्यातून फुलपाखरू नव्हे, माश्या निघून गेल्या. याशिवाय पक्षी, कोळी, प्रार्थना कीटक व गांधीलमाश्याही अळ्या टिपतात.

यातच रानाचे महत्त्व दडलेले आहे. बागेत पालवी नसते तेव्हा अळ्याही नसतात. मग या परोपजीवी माश्यांनी जगावे कशावर? बांधावरच्या व ओढ्याकाठच्या माकडलिंबावर, किरमिऱ्यावर नीलवंत व त्याच्या भाऊबंदांच्या अळ्या असतील, तर अशा माश्यांना तेथे आसरा मिळतो आणि बागेला नवती फुटली की त्या बागेकडे येतात. बांध कोरून, झुडपे जाळून स्वच्छ केले की हा आसरा जातो.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. नीलवंत बागेत आल्याने लिंबाचे उत्पन्न वाढते असे कोणी सांगत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये. लिंबूवर्गीय फुलांवर परागीभवनाचे मुख्य काम मधमाश्या करतात. नीलवंत राखायचा तो उत्पन्नासाठी नव्हे. तो जेथे टिकतो तेथे रानातील झाडी, पाणी व फुले शिल्लक आहेत, याची ती खूण असते. आणि ती झाडी, ते पाणी आपल्या शेतीलाही हवेच असते.

काय करावे?

१) रोपवाटिकेत नवी पालवी असताना आठवड्यातून दोनदा, सकाळी, रोपे तपासावीत. कोवळ्या पानांच्या दोन्ही बाजू पाहाव्यात. अंडी व लहान अळ्या हाताने वेचाव्यात. रोपांची संख्या मर्यादित असल्याने घरातील माणसे हे काम सहज करू शकतात.

२) शक्य असल्यास रोपवाटिकेवर बारीक जाळी लावावी. मादी आत येऊ शकली नाही तर प्रश्नच उरत नाही. जाळी सर्व बाजूंनी जमिनीपर्यंत घट्ट बांधावी.

३) वेचलेल्या अळ्या लगेच साबणाच्या पाण्यात टाकण्यापूर्वी आकार पाहावा. मोठी, जाड, हिरवी अळी असेल तर ती मारू नये. बागेच्या कोपऱ्यात किंवा घरामागे पपनस, ईडलिंबू किंवा जंबेरीचे एखादे मोठे झाड असते. पानासकट अळी उचलून त्यावर ठेवावी. असे झाड नसेल तर बांधावर एक मुद्दाम लावावे. मोठ्या झाडाला त्या अळीचा भार जाणवत नाही.

४) अळ्या खूप असतील तर त्या एका खोक्यात, लिंबाच्या ताज्या पानांसह ठेवून वरून जाळी बांधावी. जाळीचे छिद्र असे असावे की बारीक माशी बाहेर पडेल, पण फुलपाखरू पडणार नाही. परोपजीवी माश्या निघून बागेत जातात. निरोगी अळ्यांचे फुलपाखरू झाल्यावर नीलवंत असेल तर सोडून द्यावे.

५) प्रादुर्भाव वाढतच असेल तर लहान अळ्यांवर ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. त्यासाठी ५ किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात. सकाळी फडक्याने गाळून घ्यावे. वेगळ्या १ लिटर पाण्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून त्यात मिसळावा आणि एकूण द्रावण १०० लिटर करावे. अर्क त्याच दिवशी, सायंकाळी वापरावा.

६) यानेही काम न झाल्यास बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूवर आधारित कीटकनाशक वेष्टनावरील मात्रेप्रमाणे, फक्त बाधित रोपांवर, सायंकाळी फवारावे. ते पोटात गेल्यावरच अळी मरते, म्हणून पानांच्या दोन्ही बाजूंवर पडले पाहिजे. शेजारी तुतीची लागवड व रेशीम कीटक संगोपन असेल तर हे कीटकनाशक मुळीच वापरू नये. रेशमाची अळीही त्याने मरते.

७) फळावरील बागेत केवळ या अळीसाठी रासायनिक फवारणी करू नये. इतर किडींसाठी फवारणी करावयाची झाल्यास ती विद्यापीठाच्या चालू शिफारशीनुसारच करावी आणि झाडे फुलोऱ्यावर असताना टाळावी.

८) बांधावरची, ओढ्याकाठची माकडलिंबू व किरमिऱ्याची झुडपे राखावीत. देवराईतील झाडोरा तोडू नये. त्यांच्या बिया गोळा करून पावसाळ्याच्या सुरुवातीस बांधावर टोकल्यास उत्तम.

९) बावचीसारखे तण बागेत वाढू देऊ नये. लिंबावरील फुलपाखराला ते आयते खाद्य होते.

१०) शेततळ्याच्या किंवा विहिरीच्या उपशाजवळ थोडी ओली माती राहू द्यावी. औषधाचे डबे व फवारणी पंप मात्र तेथे धुवू नयेत.

मुलांसाठी एक प्रयोग

घरातील शाळकरी मुलांना एक काम द्यावे. रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत एक अळी व लिंबाची ताजी डहाळी ठेवावी. तोंडाला पातळ कापड बांधावे. रोज पाने बदलावीत, विष्ठा काढून टाकावी आणि एक काडी तिरपी उभी ठेवावी. अळीने कधी कात टाकली, रंग कधी बदलला, कोष कधी केला याची वहीत तारीखवार नोंद ठेवावी. शेवटी फुलपाखरू निघाले तर ते कोणते, हे वर दिलेल्या खुणांवरून ओळखावे. माश्या निघाल्या तर निराश होऊ नये. आपल्या बागेत फुकट काम करणारे मजूर हेच, असे त्यांना सांगावे. अशा तीन-चार बरण्यांतून आपल्या बागेत खरी कीड किती आणि मित्रकीटक किती, याचा अंदाज बागायतदारालाही येईल. फवारणीचा निर्णय घ्यायला ही वही उपयोगी पडते.

थोडक्यात

नीलवंत हा आपल्या बागेचा शत्रू नाही आणि फार मोठा मित्रही नाही. तो रानचा रहिवासी असून आपण लावलेल्या लिंबाच्या ओढीने कधीतरी पाहुणा म्हणून येतो. रोपवाटिका असेल तर रोपे जपावीत, पण अळी ओळखून, हाताने वेचून. मोठी बाग असेल तर दहा-पाच पानांसाठी पंप उचलू नये. बांधावरचा माकडलिंबू तोडण्यापूर्वी क्षणभर थांबावे. राज्य फुलपाखरू म्हणून कागदावर नोंद झाली, तरी ते टिकायचे ते आपल्या बांधावर, ओढ्यावर आणि देवराईतच.

या पावसाळ्यात लिंबाच्या पानावर हिरवी, फुगीर मानेची मोठी अळी दिसली, तर पंपाकडे जाण्यापूर्वी ती एकदा नीट पाहावी आणि परसातल्या पपनसावर ठेवून द्यावी. दोन-तीन आठवड्यांनी अंगणातील जास्वंदीवर तिची भेट होईल.